बेडकाची मांजर कशी होते?

प्रश्न : इंग्रजी वाक्प्रचार फ्रेंचमध्ये नेताना शब्दशः भाषांतर का फसतं?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अर्थ तोच राहतो, चित्र बदलतं म्हणून. आपल्याकडे पाऊस मुसळधार, इंग्रजीत कुत्र्यामांजरांचा, फ्रेंचमध्ये दोरांचा : 'इल प्लो दे कॉर्द'. घसा खरखरला की इंग्रजाच्या घशात बेडूक असतो, फ्रेंचाच्या घशात मांजर. म्हणून आधी अर्थ साध्या मराठीत एका वाक्यात लिहा, मग त्या अर्थाचा फ्रेंच प्रयोग शोधा. भूतकाळ हवा असेल तर फक्त क्रियापद बदला : 'इल प्लोवे दे कॉर्द'. 'कॉर्द'चं अनेकवचन मोडू नका.

खरी फजिती होते ती भाषेच्या पातळीत. इंग्रजी 'किक द बकेट'ला, म्हणजे मरण्याला, 'कासे सा पीप', म्हणजे स्वतःचा तंबाखूचा पाइप फोडणे, हा प्रयोग चपखल आहे. पण तो आपल्या 'खपला'सारखा. शोकसंदेशात तो घातला तर घरच्यांना लागेल. तिथे 'देसेदे' (निधन होणे) हेच क्रियापद वापरा.

'ब्रेक द आइस' (पहिला अवघडलेपणा घालवणे) मात्र जसंच्या तसं चालतं : 'ब्रिझे ला ग्लास'.