इंजिन वर उचललं जात नाही

प्रश्न : मालवणात आमच्या बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) टिल्टचं, म्हणजे ते वर उचलण्याचं, बटण दाबलं की टिल्ट पंपाची मोटर फिरते, पण इंजिन वर येत नाही. पंप बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. मोटर फिरतेय, म्हणजे बॅटरी आणि रिले (मोटरला वीज देणारा स्विच) यांच्यावर संशय नंतर. आधी ब्रॅकेटच्या (इंजिन बोटीला धरून ठेवणारा भाग) भोकातून दिसणारा मॅन्युअल रिलीजचा स्क्रू घट्ट करा; तो सैल केला की इंजिन हाताने उचलता येतं. हाताने इंजिन उचलल्यावर तो बहुधा सैलच राहतो. तरी वर येत नसेल तर तोच स्क्रू सैल करून इंजिन हाताने पूर्ण वर घ्या, टिल्ट-लॉक (वर धरून ठेवणारा खटका) लावा, स्क्रू पुन्हा घट्ट करा आणि टिल्ट पंपाचं तेल पाहा. इंजिन खाली असताना तेलाचं झाकण उघडू नका, तेल दाबाने उडतं. पातळी तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत हवी. भरल्यावर चार-पाचदा वर-खाली करून हवा काढा, पुन्हा तपासा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय : सील बदला.