राज्यपाल नसताना: कार्यकारी, काळजीवाहू की प्रभारी?

राज्यपाल दीर्घ रजेवर असतील किंवा पद रिकामं झालं असेल, तर त्यांच्या जागी काम पाहणाऱ्याला ‘कार्यकारी राज्यपाल’ म्हणावं का, आणि तेव्हा अधिकार नक्की कोणाकडे असतात, असा प्रश्न आहे.

‘कार्यकारी’ मी तरी वापरणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५४ नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडेच असतो, म्हणजे त्या अर्थाने प्रत्येक राज्यपाल कार्यकारीच. शिवाय पक्षाचा ‘कार्यकारी अध्यक्ष’ हा मूळ अध्यक्ष पदावर असतानाही असू शकतो. ‘काळजीवाहू’ हे विशेषण राजीनामा दिलेल्या मंत्रिमंडळाचं. ते इथे लावलं की अधिकार कमी झाल्याचा भास होतो. ‘कार्यवाहक’ हिंदीतून आलं आहे, आणि मराठीत ‘कार्यवाह’ म्हणजे संस्थेचा चिटणीस.

गंमत अशी की संविधानाने या व्यक्तीला पदनामच दिलेलं नाही. राष्ट्रपतींच्या गैरहजेरीत उपराष्ट्रपती काम पाहतात, हे अनुच्छेद ६५ मध्ये स्पष्ट आहे. राज्यात तसा दुसरा माणूस नाही. (‘उपराज्यपाल’ हे दिल्लीसारख्या केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासक, राज्यपालांचे दुय्यम नव्हेत. ‘उप’मुळे फार जण फसतात.) अनुच्छेद १६० एवढंच म्हणतो की अशा अकल्पित वेळी राष्ट्रपतींनी योग्य ती तरतूद करावी. अनुच्छेद १५९ मधली शपथ मात्र राज्यपालांना आणि ‘राज्यपालांची कार्ये पार पाडणाऱ्या’ व्यक्तीला एकच आहे. त्यामुळे अधिकारही पूर्ण. मुदत संपलेले राज्यपाल तर नवे येईपर्यंत पदावरच राहतात, आणि दोन-चार दिवसांच्या दौऱ्याने अधिकार कुठेही जात नाहीत.

प्रत्यक्षात बहुधा दुसऱ्या राज्याच्या राज्यपालांकडे काम सोपवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, तेव्हा महाराष्ट्राचा कारभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे आला. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्राचे विद्यासागर राव तमिळनाडूचंही पाहत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे मुख्यमंत्रिपदाचा पेच पडला, तेव्हा सगळं चेन्नई त्यांची वाट पाहत होतं.

अशांसाठी ‘अतिरिक्त कार्यभार असलेले राज्यपाल’ हेच नेमकं. लांबलचक वाटलं तरी ते दोन्ही राज्यांचे राज्यपाल आहेत, हे त्यातून कळतं. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसारख्या व्यक्तीकडे काम दिलं असेल, तर ‘प्रभारी राज्यपाल’ म्हणावं.