व्हिएतनाम, इजिप्त, श्रीलंका हे देश आयटी आउटसोर्सिंगसाठी भारतात पार्टनर शोधतायत. नाशिकच्या १५ जणांच्या कंपनीने यात पडावं का, आणि कोणता देश बरा?

प्रश्न वाचला आणि थेट २०११ आठवलं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, घाईत असाल तर शेवटचे चार पॅरे वाचा.

आधी हे समजून घ्या की हे देश तुमच्या दारात का येतायत. त्यांना डॉलर हवेत आणि शिकलेल्या पोरांना नोकऱ्या हव्यात, बस. आपणही हेच केलं की. १९९१ ला एसटीपीआय म्हणजे सरकारी सॉफ्टवेअर पार्कांची संस्था काढली, टॅक्स माफ केला, डिश अँटेना लावून दिल्या आणि जगभर सांगत फिरलो की आमच्याकडे या. आता तेच दुसरे करतात. फक्त त्यांच्याकडे भाषा असते, घड्याळ सोयीचं असतं, पण मोठं काम उचलायची माणसं आणि प्रोसेस कमी पडते, म्हणून भारतीय पार्टनर लागतो. मोठ्या कंपन्यांनी हे कधीच ओळखलं. टीसीएस २००१ ला बुडापेस्टला गेली, २००२ ला उरुग्वेत माँटेव्हिडिओला, इन्फोसिसने २००७ मध्ये फिलिप्सचं पोलंडमधलं लॉड्झचं सेंटर उचललं. पण त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. आमच्याकडे साडू होता.

साडू म्हणजे खरोखरचा साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा. मी कोड बघायचो, तो मार्केटिंग. इंदिरानगरला एका स्वीट मार्टच्या वरचा टू बीएचके, ११ माणसं, सकाळी जिलेबीचा वास आणि दुपारी लोडशेडिंग. आमचा एक बरा क्लायंट होता फ्रान्समध्ये लिऑनला, हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर विकायचा, त्याची गिऱ्हाइकं म्हणजे उत्तर आफ्रिका आणि आखातातली छोटी हॉटेलं. २०१० मध्ये तो म्हणाला की डेव्हलपमेंट तुम्ही करताच, आता सपोर्टही घ्या, पण अरबी आणि फ्रेंचमध्ये. साडूला तेवढंच पाहिजे होतं. तो मुंबईला एका हॉटेलात इजिप्तच्या शिष्टमंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन आला, येताना एक गुळगुळीत फाईल, एक पेन आणि एक एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, घेऊन आला. एमओयूवर सही करतानाचा फोटो त्याने फ्रेम करून ऑफिसात लावला, गणपतीच्या शेजारी.

इजिप्तचं सगळं कागदावर खणखणीत होतं हे मान्य. २००४ मध्ये त्यांनी आयटीसाठी ‘इटिडा’ नावाची सरकारी एजन्सी काढली होती, कैरो-अलेक्झांड्रिया रोडवर स्मार्ट व्हिलेज म्हणून चकाचक पार्क, पोरं अरबी-इंग्रजी-फ्रेंच बोलणारी, युरोपशी वेळ जवळजवळ जुळणारी. ए. टी. कर्नी या सल्लागार कंपनीची आउटसोर्सिंगच्या देशांची यादी निघते ना, २०११ च्या यादीत इजिप्त चौथा होता. २०११. लक्षात ठेवा.

मी तेव्हा एकच म्हणत होतो की माझं देशाशी काही भांडण नाही, मला कैरोतल्या त्या सहा माणसांच्या कंपनीचा करार नीट वाचू दे. साडूचं म्हणणं, अरे सरकार पाठीशी आहे त्यांच्या. मी म्हटलं सरकार फोटोत आहे, इन्व्हॉइसवर आहे का? त्यावरून दोन दिवस अबोला. त्यात तेव्हा सॉफ्टवेअर निर्यातीवरची १०ए कलमाची टॅक्स सवलत ३१ मार्च २०११ ला संपणार होती म्हणून जो तो मार्चच्या आत बिलिंग वाढवायच्या घाईत, आम्हीही. शेवटी घरच्यांनी मध्ये पडून सह्या करायला लावल्या. क्लायंटशी करार आमचा, आणि आमच्या खाली कैरोवाले सबकॉन्ट्रॅक्टवर.

गंमत सांगतो. सही करायच्या आधी लिऑनवाल्याने आम्हाला विचारलं होतं की तुमच्याकडे वीज जाते म्हणे, तर जनरेटर आणि इन्व्हर्टरचे फोटो पाठवा. पाठवले. कैरोत इंटरनेट गेलं तर काय, हे त्यानेही विचारलं नाही आणि आम्हीही नाही. खरं तर इशारा मिळालेला होता. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारताची जवळजवळ निम्मी बँडविड्थ गेली होती, नाशकात मेल उघडायला चहा पिऊन यायला लागायचं. पण ते आम्ही विसरलो.

२८ जानेवारी २०११, शुक्रवार. इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हेही आम्हाला सही झाल्यावर कळलं होतं. म्हणजे युरोप, कैरो आणि आपण असे तिघं पूर्ण कामावर फक्त सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी त्यांची दोन माणसं ड्युटीला असायची. आपले साडेबारा म्हणजे त्यांचे नऊ, एक वाजला तरी एकही तिकीट, म्हणजे हॉटेलवाल्यांची नोंदवलेली तक्रार, कोणी उचललेलं नाही. मेल जात नाही, स्काईप बंद, मोबाईल लागत नाही. मग टीव्ही लावला. आदल्या मध्यरात्रीनंतर सरकारने जवळजवळ अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं होतं, राष्ट्राध्यक्ष मुबारकविरोधी आंदोलन दाबायला. केबल तुटली नाही, फांदी पडली नाही, वरून आदेश आला आणि एकेक इंटरनेट कंपनी बंद होत गेली. आणि राग कशाचा येतो तर आपला युरोपला जाणारा डेटा त्याच इजिप्तमधून जाणाऱ्या केबलमधून मजेत चालला होता, फक्त त्यांच्या स्वतःच्या लोकांसाठी नळ बंद.

लँडलाईन मात्र चालू होत्या. आमच्या बीएसएनएलला आयएसडी होतं, साडूच्याच हट्टाने घेतलेलं, हे श्रेय त्याला. कैरोच्या टीममध्ये एक मुलगी होती, शिफ्ट लीड, तिच्या घरचा नंबर इमर्जन्सी शीटवर सापडला. वीसेक वेळा लावल्यावर संध्याकाळी लागला. मागे घरात टीव्ही मोठ्याने, आई काहीतरी ओरडतेय, आणि ही पोरगी तिच्या वहीतून उघडी तिकिटं वाचून दाखवतेय. तिने रोजची तिकिटं वहीत लिहायची सवय ठेवली होती, आम्ही पूर्वी हसायचो त्याला. ३७ तिकिटं. बुकिंग नंबर, हॉटेल, तक्रार. आमच्या पोराने हाताला लागला तो कागद घेतला, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, तिच्या पाठीवर सगळं लिहिलं. शेवटी मी विचारलं, तुम्ही सगळे ठीक आहात ना. ती म्हणाली, माझा भाऊ बाहेर गेलाय आणि त्याचा फोन लागत नाही. मला काय बोलावं सुचेना, मी थँक यू म्हणून ठेवून दिला. अजून वाईट वाटतं त्याचं. (भाऊ दुसऱ्या दिवशी घरी आला, हे नंतर कळलं.)

आता अरबी बोलणार कोण? आमच्या नेटवर्कवाल्या पोराने सांगितलं, त्याच्या जुन्या नाशकातल्या गल्लीत एक चाचा आहेत, १४ वर्षं कुवेतला इलेक्ट्रिशियन होते. रात्री नऊला चाचा ऑफिसात हजर. कॉम्प्युटर कधी हाताळलेला नाही, पण हेडफोन लावून असं काही ठणठणीत बोलायला लागले की आखातातली हॉटेलं पहिल्याच दिवशी शांत झाली. मोरोक्कोवाल्यांना त्यांचं अरबी कळेना आणि त्यांना मोरोक्कोचं, ती तिकिटं लिऑनवाल्याने स्वतः फ्रेंचमध्ये निपटली. चाचांनी दिवसाचे ८०० सांगितले. साडूने ५०० वर आणायचा प्रयत्न केला. तिथे माझी आणि त्याची जी जुंपली ती आजतागायत संपलेली नाही. मी चाचांना हजार दिले, हेही इथे लिहून ठेवतो, कारण साडू हे वाचणार आहे.

२ फेब्रुवारीला, म्हणजे बुधवारी, नेट परत आलं. त्या पाच दिवसांत इजिप्तचं किमान ९ कोटी डॉलरचं नुकसान झालं असा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने हिशोब मांडला होता. आमचा हिशोब छोटा पण जास्त झोंबणारा. महिन्याचं बिल ९,४०० युरो, त्यावर २० टक्के पेनल्टी, तेव्हाच्या भावाने लाखाच्या वर गेले. वसूल कोणाकडून? कैरोवाल्यांच्या करारात फोर्स मेज्योरमध्ये, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात जबाबदारीतून सूट देणाऱ्या कलमात, ‘सरकारी आदेश’ लिहिलेलं होतं, ते सुटले. क्लायंटच्या करारात फक्त युद्ध, पूर, भूकंप. नेटवरून उचललेला फॉरमॅट होता, नाशकात भूकंप धरला होता पण कैरोतलं सरकार धरलं नव्हतं. वरच्या करारात आम्ही अडकलो, खालच्या करारात ते मोकळे, आणि मधली भेग आमच्या खिशातून भरली. हे टाळायला बॅक-टू-बॅक करार करतात, म्हणजे वर जे लिहाल तेच खाली लिहा. त्या एमओयूमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती, त्यात नुसतं परस्पर सहकार्य आणि मैत्री.

मार्चमध्ये मी कैरोचं काम बंद केलं. साडूच्या मते तीच माझी चूक. तो नंतर पुण्याला बाणेरला गेला, आज त्याच्याकडे ८० माणसं आहेत, आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ऐकवतो की तू एका शुक्रवारला घाबरलास. पुरावा म्हणून युक्रेन काढतो, की बघ, २०२२ मध्ये डोक्यावर मिसाईल पडत होते तरी त्यांनी ७ अब्ज डॉलरच्या वर आयटी निर्यात केली. ते खरंच आहे. पण त्यांची माणसं लॅपटॉप घेऊन देशाच्या पश्चिमेला आणि पोलंडला सरकली, जनरेटर लावले, बॅकअप प्लॅन आधीच काढून ठेवले होते. आमच्याकडे प्लॅन म्हणजे एक वही आणि एक चाचा. मी देशाला घाबरलो नव्हतो, आपल्या करारालाच घाबरलो होतो, हे त्याला चौदा वर्षं समजावतोय.

आता तुमचा प्रश्न. पडा, पण पार्टनर बघा, देश नंतर. तरी विचारलंय म्हणून: नुसतं फोनवर बोलायचं काम असेल तर फिलिपिन्स, तिथे आपण त्यांच्यापुढे टिकत नाही. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच आहे, अकाउंट्सची माणसं चांगली, पण मार्च २०२२ च्या शेवटी तिथे दिवसाला १३ तास वीज नव्हती, तेव्हा बॅकअप विचारा. व्हिएतनामचा मला स्वतःचा अनुभव नाही. तिथली एफपीटी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९९ पासून आहे आणि जपानी कामावर मोठी झाली, म्हणजे तिथले लोक तुमच्याकडे बहुधा इंग्रजी क्लायंटसाठी येतील. त्यांना तुमची माणसं हवीत की तुमचा क्लायंट हवाय हे पहिल्या मीटिंगलाच विचारा.

टॅक्सचं सीएला विचारा, पण विचारा नक्की. बाहेरचा पार्टनर तुमचं बिल भरताना तिकडचा टॅक्स कापू शकतो, मग डीटीएए (एकाच उत्पन्नावर दोन देशांत टॅक्स लागू नये म्हणूनचा करार), टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट हे सगळं आलं. हा किरकोळ मुद्दा नाही. ऑस्ट्रेलियात भारतात बसून केलेल्या कामावरही टॅक्स लागायचा, तो सुटायला २९ डिसेंबर २०२२ ला लागू झालेल्या व्यापार करारापर्यंत थांबावं लागलं. आणि तुम्ही खाली पैसे पाठवणार असाल तर टीडीएसचा प्रश्न तुमचा. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे टॅक्स न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, दरवर्षी भरता असं धरतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर साडू कमेंटमध्ये टाकेलच. इंटरनेट बंद करण्यात आपला देश जगात पहिल्या रांगेत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्याच नाशकात मोबाईल इंटरनेट काही दिवस बंद होतं, आणि माझा ऑफिसचा बॅकअप डोंगलवर होता. साडूने पुण्याहून बातमीची लिंक पाठवली, खाली एकच शब्द, ‘कैरो?’ तोपर्यंत मी वरच्या-खालच्या दोन्ही करारात सरकारी आदेशाचं कलम टाकलेलं होतं. ते दाखवायला मी त्याला त्या पानाचा फोटो पाठवला, त्याने अंगठा दिला.

तुमच्याकडे ड्राफ्ट आला असेल तर नावं काळी करून फोर्स मेज्योर आणि पेनल्टीची दोन पानं टाका इथे, बघून सांगतो. एमओयू टाकू नका, तो मला पाठ आहे.