रॉबर्ट वेन कोण होते? आपल्या बेळगाव भागाशी त्यांच्या कामाचा काय संबंध?

कॅलिफोर्नियातले जनुकशास्त्रज्ञ, डिसेंबर २०२२ मध्ये गेले. लांडगे, कोल्हे, कुत्रे यांच्या डीएनएवर त्यांनी आयुष्य वेचलं. इथिओपियाच्या दुर्मिळ लांडग्यांत गावठी कुत्र्यांचं रक्त मिसळतंय, हे १९९४ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं. मला हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण अथणी-गोकाककडच्या माळावर मेंढरं बसतात, राखणीची कुत्री मोकळी हिंडतात आणि लांडगाही तिथलाच. आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते कोकरू नेल्यावरच! पाऊलवाटेवर पडलेली त्याची विष्ठा, आत लोकरीचे केस, तेवढ्यावरूनही डीएनए मिळतो. जनावर पकडावं लागत नाही. वेन यांच्या गटानं कॅलिफोर्नियातल्या कोयोटींची (लांडग्याच्या जातकुळीतला, त्याहून लहान अमेरिकी प्राणी) मोजदाद अशीच केली होती. खानापूरच्या जंगलातल्या कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांनाही हीच पद्धत चालते.