प्रार्थनेची वही बंद करावी का?

प्रश्न : सकाळच्या उपासनेनंतर वहीत प्रार्थना लिहिण्याची मला अनेक वर्षांची सवय आहे. पूर्वी मनातले सविस्तर लिहीत असे. आता वही म्हणजे नावांची आणि गरजांची यादी झाली आहे. धाकट्या भावाचे दारूचे व्यसन सुटावे हा विषय जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, पण त्यापुढे ‘उत्तर मिळाले’ अशी खूण करण्याची वेळ अजून आलेली नाही. जुनी पाने चाळली की विश्वास वाढण्याऐवजी खचतो. शिवाय मंडळीतील बहिणी विश्वासाने सांगतात त्या गोष्टीही मी त्यांच्या नावानिशी लिहिते, आणि घरात वही कोणाच्याही हाती लागू शकते. ती बंद करावी का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, जय ख्रिस्त. वही बंद करू नका. लिहिण्याची रीत मात्र बदला. यादीत आपण देवाविषयी आणि माणसांविषयी लिहितो, प्रत्यक्ष देवाशी बोलत नाही. ‘भाऊ – व्यसन’ एवढी नोंद वाचून तुम्हाला केवळ न सुटलेला प्रश्न आठवेल. त्याऐवजी, उदाहरणार्थ, असे लिहून पाहा : “प्रभू, तो काल पुन्हा पिऊन आला. आईने ताट झाकून ठेवले होते, त्याने त्याला हातही लावला नाही. मला त्याचा राग येतो आणि तू गप्प आहेस म्हणून तुझाही येतो.” असे लिहिणे उद्धटपणाचे आहे असे मला मुळीच वाटत नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘हे कुठवर चालायचे’ असा प्रश्न देवाला चार वेळा विचारला आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ती दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत, कारण तक्रार करणाऱ्याने देवाकडे पाठ फिरवलेली नाही. हिज्कीया राजाला अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र आले, तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले आणि मग प्रार्थना केली. तुमच्या वहीचे पानही तसेच उघडे करून ठेवा.

आता त्या न झालेल्या खुणेविषयी. मागितले ते मिळाले तरच उत्तर आले, असे ही खूण गृहीत धरते. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. ब्रिस्टल येथे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर प्रार्थनांची तारीखवार नोंद ठेवत. त्यांचा वृत्तांत केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांनीही वाचला होता आणि त्यातून त्यांना बळ मिळाले होते. म्युलर यांच्या नावावर पूर्ण झालेल्या प्रार्थनांचे किस्से सगळेच सांगतात, परंतु मला त्यांची एक अपुरी नोंद अधिक मोलाची वाटते. नोव्हेंबर 1844 मध्ये त्यांनी पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला दीड वर्षाने प्रभूकडे आला, पुढचे दोघे आणखी काही वर्षांच्या अंतराने आले, आणि 36 वर्षांनंतरही उरलेल्या दोघांसाठी त्यांची प्रार्थना चालूच असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तेव्हा खुणेची जागा मोकळी राहू द्या आणि त्या काळात प्रत्यक्ष काय घडले ते लिहा : भाऊ कोणत्या दिवशी शुद्धीवर होता, आईशी काय बोलला, तुमच्या रागाचे पुढे काय झाले. उपकारस्तुतीचे विषय अशाच नोंदींतून सापडतात. त्याच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राची किंवा डॉक्टरांची मदत घेणे म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास कमी पडणे, असेही कृपया मानू नका. ती मदत घेतलीत तर तीही वहीत नोंदवा.

बहिणींच्या गोष्टींबाबत मात्र मी कडक आहे. त्यांनी त्या तुम्हाला सांगितल्या, तुमच्या घराला नव्हे. नाव आणि तपशील लिहू नका. स्वतःलाच कळेल असे एखादे अक्षर पुरे, कारण देवाला पत्ता सांगावा लागत नाही. जुन्या पानांवरची अशी नावे आजच गडद शाईने खोडून टाका आणि प्रार्थनासभेतही ती कधी वाचून दाखवू नका.

तुमचे स्वतःचे लिखाण ही वेगळी बाब आहे. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांना 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री देवाचा जो अनुभव आला, तो त्यांनी कागदावर उतरवून आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला, आणि 1662 मध्ये ते वारल्यानंतरच तो नोकराच्या हाती लागला. इतकी गुप्तता तुम्हाला पाळायची नसेल, तरी वही कुलपात ठेवणे योग्यच आहे. माझ्यामागे ती कोणी वाचावी, की न वाचता जाळून टाकावी, हे पहिल्याच पानावर लिहा आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला ते आताच सांगून ठेवा.