मोहल्ला समितीत येतेयस, तर हे ऐक

समितीत येतेयस हे छान. पण पहिल्याच बैठकीत पेव्हर ब्लॉक मागू नकोस. आपल्या इंदूरमध्ये रामबागेत काय, राजेंद्र नगरात काय, सगळ्यांना आधी तेच हवे असतात, कारण ते दिसतात. आधी महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन उपयंत्र्याला (सब-इंजिनिअरला) विचार, या गल्लीत नर्मदेच्या पाण्याची पाइपलाइन किंवा ड्रेनेज लाइन बदलायची आहे का? असेल तर ते काम आधी, पेव्हर ब्लॉक नंतर. नाहीतर नवा रस्ता महिन्याभरात खणला जातो आणि पैसा गेला तो गेलाच.

कोणता पैसा कुठला, हेही कळायला हवं. पार्षद (नगरसेवक) निधी, आमदार निधी, खासदार निधी वेगवेगळे. खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात, पण संपूर्ण मतदारसंघासाठी. आपल्या नालीसाठी तिकडे धावण्यात अर्थ नाही. मागणी लेखी दे, पोच घे. तोंडी होकार म्हणजे चहावरच्या गप्पा! अंदाजपत्रकाची प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि बैठकीला कोण येत नाही ते बघ. भाडेकरू, धुणीभांडी करणाऱ्या बायका, जिने न उतरणारे आजी-आजोबा. त्यांच्या दारी तूच जा. पथदिवा कुठे बंद आहे हे रात्री कामावरून परतणारीलाच नेमकं माहीत असतं. समितीतल्या कुणाचा भाऊ ठेकेदार असेल, तर त्या कामाच्या चर्चेतून त्या सदस्याला बाहेर बसायला सांग, वाईटपणा आला तरी.