गेन शून्यावर असूनही घरघर येत असेल तर ट्यूब बदलत बसू नका

तुम्ही लिहिलंय की एलए-टूएच्या (आवाजाची पातळी आपोआप आवरणारा जुना ट्यूब कॉम्प्रेसर) धर्तीवरचा कॉम्प्रेसर टॅगस्ट्रिपवर पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे सर्किट बोर्डाशिवाय थेट वायरींनी बांधला, सिग्नल जातोय, कॉम्प्रेशनही नीट होतंय, पण गेनचा नॉब शून्यावर नेला तरी मागे घरघर आहेच आणि चारही ट्यूब बदलून झाल्या. वाचून पोटात गोळाच आला, माझ्याकडे अगदी हेच पाच महिने चाललं होतं.

ट्यूबवर आता आणखी पैसे घालू नका. गेनचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) पहिल्या ट्यूबच्या, १२एएक्स७च्या, अलीकडे असतो, म्हणजे तो शून्यावर असताना घरघर येत असेल तर इनपुट ट्रान्सफॉर्मर आणि टी४ सेल (उजेडावर चालणारी, आवाज दाबणारी डबी) बहुतेक संशयातून सुटले. आउटपुट रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम बघा. मेन्स ५० हर्ट्झचा असेल आणि गुणगुण ५० वरच असेल तर हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या) वायरी नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरचं फील्ड. १०० आणि त्याच्या पटीत, कानाला कर्कश लागत असेल, तर रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) बाजूचं काहीतरी (६०वाल्यांनी १२० धरा).

माझं १०० वालं होतं. ग्राउंड म्हणजे ग्राउंड, सगळीकडे शून्य व्होल्ट, असं डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून चेसिसभर एक जाड तांब्याची तार टाकली आणि जे जिथे जवळ पडेल तिथे तिला सोल्डर केलं. हाय व्होल्टेजचा सेंटर टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या मधोमध काढलेली वायर) एका टोकाला, पहिल्या फिल्टर कपॅसिटरचं निगेटिव्ह दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये गेन पॉटचं ग्राउंड एकीकडे, पहिल्या ट्यूबच्या कॅथोडचं दुसरीकडे. दिसायला इतकं सुबक की फोटो काढून ठेवले होते! आता तो कपॅसिटर काही सलग करंट घेत नाही, दर अर्ध्या सायकलला एक झटका घेतो आणि त्याचं शिखर सरासरीच्या कितीतरी पट असतं. ते सगळे झटके माझ्या पहिल्या ट्यूबच्या पायाखालून जात होते. समजा त्या दोन जोडांमध्ये १० मिलिओहम आणि झटका १०० मिलिअँपचा, झाला १ मिलिव्होल्ट. पुढे ४० डीबी गेन म्हणजे १०० पट, आउटपुटला १०० मिलिव्होल्ट घरघर.

मी काय केलं? फिल्टर कपॅसिटर दुप्पट केला. घरघर वाढली, कारण पहिला कपॅसिटर मोठा केला की झटके आणखी टोकदार होतात. मग ट्रान्सफॉर्मरवाल्याला ईमेल, एकूण तीन, दर वेळी एकच ओळ: ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे, वायरिंग तपासा. वायरिंगमध्ये नेमकं काय तपासू ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. राग याचा की माणूस बरोबर होता.

इलाज दहा मिनिटांचा निघाला. सेंटर टॅप तारेवरून काढून थेट त्या पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायावर लावला (चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर असेल तर ब्रिजचं निगेटिव्ह), तिथून एकच वायर तारेला. तारेवर क्रम आधी आउटपुट स्टेज, मग मागे मागे येत पहिली ट्यूब, आणि चेसिसला जोड एकाच ठिकाणी, इनपुटजवळ. पॉट आणि पहिल्या कॅथोडचं ग्राउंड एकाच बिंदूवर. उरलेली बारीक गुणगुण हीटरची होती, वायरी पिळून चेसिसच्या कोपऱ्यात दाबल्या आणि १०० ओहमचे दोन रेझिस्टर हीटरच्या दोन्ही बाजूंनी ग्राउंडला लावले, गेली. तुमच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप असेल तर हे रेझिस्टर नकोत, तोच ग्राउंड करा.

मी इंजिनिअर नाही, हौशी आहे, तुमचं सर्किट थोडं वेगळं असेल तर याला वेदवाक्य मानू नका. पण एका गोष्टीवर वाद घालणार नाही: कोणी "अर्थिंगची वायर काढून बघ" म्हणालं तर ऐकू नका. मलाही सांगितलं होतं एकाने. मेन्सची अर्थिंगची वायर चेसिसला स्वतंत्र बोल्टवर, कायम. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट आहेत आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो, तेव्हा २२० के, २ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावाच, आणि तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजा.

जाता जाता, टी४ घरी बनवला असेल तर खोलीत अंधार करून त्यावर टॉर्च मारा. गेन रिडक्शनची सुई हलली तर डबीत उजेड शिरतोय, माझी हलली होती.

सेंटर टॅप नक्की कुठे सोल्डर केलाय त्याचा जवळून एक फोटो टाका, पुढचं त्यावरून बोलू.